सापावरची कुपी

नागपंचमीने शिराळ्याचं नाव देशभर नेलं. तिथल्या जिवंत नागांच्या मिरवणुकीला मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली, तरी नागाबद्दलचा जिव्हाळा ओसरला नाही. पण सरकारी दवाखान्यात मिळणारी सर्पदंशावरची कुपीही मला तितक्याच मानाची वाटते. पावसाळ्यात भाताच्या खाचरात पाय ठेवणाऱ्यांचा तो मोठा आधार.

दिसायला साधी. काचेच्या तळाशी पांढरट थर, एवढंच. हा थर म्हणजे घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडं, विषाला धरणारी प्रथिनं. पिंपरीच्या हाफकिन महामंडळासारख्या ठिकाणी घोड्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष थोडं थोडं टोचून ती तयार करतात. मग त्यांचा द्रव गोठवून, निर्वात जागेत त्यातल्या बर्फाची थेट वाफ करतात. पाणी गेलेल्या जागी पोकळ्या उरतात. म्हणून कुपीतला थर बत्ताशासारखा सच्छिद्र असतो, आणि फ्रीज नसलेल्या ठिकाणीही टिकतो.

वेळ आली की तिच्यात १० मिली निर्जंतुक पाणी सोडतात. नातेवाइकांचा जीव टांगणीला लागलेला असतो, पण सिस्टर कुपी जोरात हलवत नाहीत, हळुवार फिरवतात. जोरात हलवली तर फेस येतो आणि फेसाच्या पापुद्र्यावर प्रथिनांची घडी विस्कटते. घडी गेली की विषाला धरायची ताकद गेली.

विरघळवण्याचं खरं काम पाण्याचे रेणू करतात. खोलीच्या उष्णतेतच ते सेकंदाला पाच-सहाशे मीटर वेगाने धडपडत असतात. फक्त पावलोपावली शेजाऱ्याला धडकून दिशा बदलतात. पोकळ्यांत शिरून ते प्रतिपिंडाच्या विद्युतभारित भागांना बिलगतात, त्याला शेजाऱ्यांपासून सोडवतात. एक प्रतिपिंड पाण्याच्या रेणूच्या हजारोपट जड, तरी चहूबाजूंच्या धक्क्यांनी तेही हलत, पसरत जातं. फिरवणारा हात फक्त सुटलेले कण बाजूला करून ताजं पाणी पुढे आणतो. द्रव स्वच्छ झाला की तो सलाइनमध्ये मिसळून शिरेतून देतात.

रक्तातही हीच धडपड चालू राहते. प्रतिपिंडाला विष दिसत नाही. धक्के खात फिरताना गाठ पडली तरच ते त्याला पकडतं. गाठी पडायच्या तर प्रतिपिंडं पुरेशी हवीत, म्हणून सुरुवातीलाच बहुधा दहा कुप्या लागतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढ्याच देतात, कारण नाग मूल पाहून विष कमी सोडत नाही.