मुन्शी घाटावरची झोप

'काशीस जावे, नित्य वदावे' ही म्हण बाबांसारख्या माणसांसाठीच तयार झाली असावी. त्यांचा भर वदण्यावर होता. दर हिवाळ्यात ते गाड्यांच्या वेळा बघायचे, कागदावर उतरवायचे, आणि मग कुणाचं लग्न, कुणाची परीक्षा, छताची गळती असं काहीतरी निघायचं. गेल्या मार्चमध्ये ते गेले. काशी राहिलीच. डिसेंबरमध्ये मी आईला घेऊन गेले.

आईच्या डोक्यातली काशी तिच्या आजीची होती. बायकांचा जथा, धर्मशाळेची खोली, सोबत स्टोव्ह आणि डाळ-तांदूळ, पहाटेचं बर्फासारखं पाणी. यात्रेत थोडे हाल व्हायलाच हवेत, असं तिचं ठाम मत. माझं म्हणणं एवढंच होतं की हाल या वर्षी पुरेसे झालेत. बाबा गेल्यापासून तिला सलग झोप नव्हती. रात्री उठून ती स्वयंपाकघरातले डबे पुसत बसायची. मी पुण्यात, ती नागपुरात. मला हे तिच्या व्हॉट्सॲपच्या 'लास्ट सीन'वरून कळायचं. ३:१०. २:४५. ४:०५.

म्हणून चार रात्रींपैकी तीन तिच्या मनासारख्या धर्मशाळेत आणि पहिली रात्र माझ्या मनासारखी, असा तह झाला. माझी रात्र होती दरभंगा घाटावरच्या जुन्या वाड्यात, जिथे आता आलिशान हॉटेल आहे. एका रात्रीचं भाडं आईच्या महिन्याच्या पेन्शनच्या आसपास. तिने आकडा विचारला, मी सांगितला. ती फक्त म्हणाली, "काहून पण?"

या हॉटेलच्या दारापर्यंत गाडी जात नाही. नदीकडून जायचं तर होडीने जायचं. होडीतून काशी दिसते ती एका लांबलचक रांगेसारखी. चौऱ्याऐंशी घाट एका काठावर, आणि समोरचा काठ मोकळा, नुसती वाळू. इथे गंगा उत्तरेकडे वाहते, त्यामुळे घाटांचं तोंड पूर्वेला. सूर्य वाळूवरून उगवतो आणि थेट पायऱ्यांवर पडतो. डिसेंबरात मात्र धुकं असतं. पाणी आणि आकाश एकच राखाडी, मधे पांढऱ्या पक्ष्यांचे थवे, आणि त्यांच्यासाठी शेव विकणारे नावाडी.

धुक्यातून तो वाडा वर आला. चुनारच्या वालुकाश्मात बांधलेला, नदीच्या बाजूने किल्ल्यासारखा. मी आईला फोनवर वाचून ठेवलेला इतिहास ऐकवला. हा वाडा आणि शेजारचा मुन्शी घाट १८१२ च्या सुमारास श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधला. मुन्शी म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे कारभारी. पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी वाडा घेतला आणि घाटाच्या या भागाला त्यांचं नाव लागलं.

आमचं घर नागपूरच्या महालात. भोसल्यांचा वाडा तिथून चालत जाण्याइतका जवळ. आईचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "म्हणजे आपल्याच गावच्या माणसाकडे उतरतोय," ती म्हणाली, आणि पदर सावरून होडीतून उतरली.

खोली सुंदर होती. उंच छत, जाड भिंती, पांढरी चादर इतकी ताठ की बसायला संकोच वाटावा. पण सगळ्यात आधी जाणवली ती शांतता. काशीत शांतता हीच महागडी वस्तू आहे. बाहेर भोंगे, घंटा, बैल, मोटारसायकली, 'राम नाम सत्य है'. आत यातलं काहीच नाही. खिडकीतून सगळं दिसतं. ऐकू येत नाही, वास येत नाही. 'रिव्हर व्ह्यू'चे पैसे मोजताना आपण नदीबरोबर नदीपासूनचं अंतरही विकत घेत असतो, हे मला तिथे कळलं.

संध्याकाळी दशाश्वमेध घाटावर आरती सुरू झाली. तो इथून तीनच घाट पलीकडे. आपण वरूनच दिवे बघू, असं मी म्हटलं. आईने चष्मा पुसला, दोन मिनिटं बघितलं, आणि चप्पल शोधू लागली. "टीव्ही बघायला आली का मी एवढ्या दूर?"

वाड्यात लिफ्ट आहे. शहरातली सुरुवातीची लिफ्ट दरभंग्याच्या महाराजांनी इथेच बसवली, असं तिथे अभिमानाने सांगतात. आईच्या गुडघ्यांना महाराजांचं मोल पटलं. पण लिफ्ट दारापर्यंतच. पुढे पायऱ्या. उंच, ओबडधोबड, कुठे शेवाळलेल्या. एक हात माझ्या खांद्यावर, एक भिंतीवर, असं करत ती उतरली आणि मुन्शी घाटाच्या एका पायरीवर बसली.

त्या पायऱ्यांवर कोण नव्हतं? पत्ते खेळणारे नावाडी, द्रोणातले दिवे विकणारी मुलगी, रील काढणारं जोडपं, डोकं भादरलेला एक मुलगा आणि त्याच्या शेजारी काहीच न बोलणारे त्याचे काका. एक म्हातारा वाड्याच्या भिंतीला टेकून घोंगडीत झोपला होता. त्याची आणि आमची भिंत एकच. आम्ही आतल्या बाजूने, तो बाहेरच्या.

तेव्हापासून मी मुन्शींचा विचार करतेय. कारभाऱ्याचा पैसा म्हणजे शेवटी रयतेचा सारा. त्यात पुण्य किती आणि मिरवणं किती, कोण सांगणार? इथे मराठी सत्ताधीशांची रांगच आहे. मुन्शी घाटाला लागूनच अहिल्याबाई होळकरांचा घाट. त्यांनी १७८० मध्ये विश्वनाथाचं मंदिरही पुन्हा उभारलं. पुढे शिंद्यांचा घाट, भोसल्यांचा घाट. प्रत्येक श्रीमंताला नदीकाठी जागा हवी होती. पण त्या काळाच्या रिवाजात एक गोष्ट होती. वर स्वतःसाठी वाडा बांधायचा, तर खाली सगळ्यांसाठी पायऱ्याही बांधायच्या. दोनशे वर्षांत वाड्याचे मालक बदलले, आत जायचा दर बदलला. पायऱ्यांवर बसायला मात्र आजही कुणी पैसे मागत नाही.

आपण एवढे पैसे देऊन राहतो, तेव्हा दाराबाहेर काय ठेवून जातो? मी काय ठेवलं? गुगलवर पाच तारे.

मुक्कामाचा हिशेब या गावात दुसऱ्या तऱ्हेनेही होतो. गोदौलियाच्या बाजूला १९५८ पासून चालत आलेलं मुक्ती भवन आहे. शेवटचे दिवस मोजणाऱ्या माणसाला घरचे तिथे घेऊन येतात. साध्या खोल्या, भजनं, आणि साधारण पंधरा दिवसांची मुदत. आमच्या हॉटेलात चेक-आउटची वेळ छापील होती. आईला मुक्ती भवनाबद्दल सांगितलं, तर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्यांना वेळ तरी कळतो." बाबांना तो मिळाला नव्हता. सकाळी चहा घेतला, दुपारी गेले.

रात्री वर आल्यावर तिने पलंग टाळून खाली चटई मागवायची भाषा केली. "मुन्शींना काय वाटेल?" मी म्हटलं. ती हसली आणि पलंगावर आडवी झाली. मी दिवा मालवला, फोन हातात घेऊन पडून राहिले. तिच्या 'लास्ट सीन'ची सवय माझ्याही झोपेला लागली होती. अडीच वाजले. तीन वाजले. चार. आई घोरत होती. बाबा असताना घोरायची तशी, बिनधास्त.

सात वाजता मी तिला उठवलं, तेव्हा ती घाबरली. पहाटेचं स्नान हुकलं होतं. मग दहा वाजता, धुकं विरल्यावर, लोकांच्या गर्दीत तिने कंबरभर पाण्यात उभं राहून बाबांच्या नावाने ओंजळ सोडली. यात्रा हाल काढून पदरात पडते की विसावा घेऊन, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. पण त्या आठ-नऊ तासांची किंमत मी कुणाशीही वाद न घालता मान्य करेन. जाड भिंती त्याच कामासाठी असतात.

दुपारी आम्ही धर्मशाळेत गेलो. स्वच्छ खोली, दोन लोखंडी खाटा, खाली गल्लीत रात्रभर कुत्री. अडीचच्या सुमारास खाट करकरली.

"कालची गादी बरी होती बाप्पा," आई अंधारात म्हणाली.

मी हसले. ती थोडा वेळ काही बोलली नाही.

"तिथे खोलीत तिसरी खाट टाकून देतात का गं?"

"देतात," मी म्हटलं.