औषधांची पिशवी

२०१५ साली इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने दवाखान्यांत डॉक्टरांच्या जोडीला फार्मासिस्ट नेमण्याची योजना आरंभली, तेव्हा आम्हांला नवल वाटले. गोळ्या मोजून देणाऱ्याचे तेथे काय काम? पण तो कित्येकदा रुग्णाला घरातील सारी औषधे पिशवीत घालून आणावयास सांगतो आणि विचारतो, ‘यांतील खरोखर कोणती घेता?’ रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि सांधेदुखीसाठी परस्पर आणलेली आयबुप्रोफेन एकत्र आल्यास मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. चिठ्ठीवर हे दिसत नाही, पिशवीत दिसते.

आमच्या आईच्या उशाशी जपमाळेशेजारी दोन डॉक्टरांच्या गोळ्यांचा डबा असतो. दुकानातून आणलेल्या गुडघ्याच्या गोळीविषयी तिने दोघांनाही सांगितलेले नाही. म्हणते, ‘एवढ्या मोठ्या माणसांना गुडघ्याचे काय सांगायचे!’