तीन डबे, एक पंप

गेल्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी, अंजनगावला आली. सोबत तिचा अडीच वर्षांचा मुलगा. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे लहान मुलांचे शब्द मोजायची सवयच लागली आहे. भाचा 'अम्मी', 'पानी', 'दे' असे वीसेक शब्द बोलायचा. अम्मी म्हणाल्या, "मुलगे उशिराच बोलतात." माझं मन मात्र मानेना.

त्याच आठवड्यात भाई कपाशीवर फवारणीला निघाला. आंगणातच त्याने बादलीत तीन डब्यांतली औषधं कालवली आणि पंप भरला. संध्याकाळी त्याचे भिजलेले कपडे बहिणीने आमच्या सगळ्यांच्या कपड्यांत टाकून धुवायला घेतले. मी ओरडले, तर भाई म्हणाला, "आपा, प्रत्येक डब्यावरची मात्रा पाळतो मी. एक थेंब जास्त नाही." त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर आठवलं ते आमच्याच स्वयंपाकघरातलं. एका रमजानमध्ये सालनात मीठ कमी वाटलं म्हणून अम्मीने चिमूटभर टाकलं, मग वहिनीने, मग मी. रोजा असल्याने चाखणार कोण? एकटीच्या चिमटीने काहीच बिघडलं नसतं. इफ्तारला मात्र सालन तोंडात धरवेना.

आपल्या शरीरातले हार्मोन म्हणजे अगदी सूक्ष्म मात्रेत धावणारे निरोप. काही रसायनं या निरोपांत ढवळाढवळ करतात. काही कीटकनाशकं, प्लास्टिक मऊ करणारे थॅलेट, टणक प्लास्टिकमधला बिस्फेनॉल ही त्यातली काही. सरकारं साधारणपणे प्रत्येक रसायन वेगळं तपासतात आणि त्याची सुरक्षित मर्यादा ठरवतात. पण बाईच्या अंगात ती वेगवेगळी राहत नाहीत. 2002 मध्ये लंडनच्या संशोधकांनी स्त्री-हार्मोनची नक्कल करणारी आठ रसायनं घेतली. प्रत्येकाची मात्रा इतकी कमी ठेवली, की एकट्याचा परिणाम दिसू नये. एकत्र केल्यावर मात्र परिणाम स्पष्ट दिसला. आमच्या सालनासारखंच.

दुसरा अभ्यास वाचताना माझा हात थांबला. स्वीडनमध्ये सुमारे दोन हजार गरोदर स्त्रियांच्या रक्त-लघवीतली अशी रसायनं पहिल्या महिन्यांतच मोजली आणि मुलं अडीच वर्षांची झाल्यावर त्यांचे शब्द मोजले. ज्या आयांच्या अंगात हे मिश्रण जास्त होतं, त्यांच्या मुलांत पन्नासहून कमी शब्द बोलणारी मुलं जास्त निघाली. तेच मिश्रण बेडकाच्या पिलांवर आणि माशांवरही तपासलं, तेव्हा थायरॉइडच्या कामात अडथळा दिसला. गर्भाचा मेंदू सुरुवातीचे महिने आईच्याच थायरॉइडवर वाढतो. हे संशोधन 2022 मध्ये प्रसिद्ध झालं.

याचा अर्थ माझा भाचा फवारणीमुळे उशिरा बोलतोय, असा नाही. एका मुलाबद्दल असं कोणीच सांगू शकत नाही, आणि बहिणीच्या मनात तो सल मी कधीच घालणार नाही. अर्थ एवढाच, की डब्यावर एका औषधाची मात्रा लिहिलेली असते, तिन्हींची बेरीज लिहिलेली नसते.

भाईला मी यवतमाळची आठवण दिली. 2017 मध्ये तिथे फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. औषधं एकत्र कालवून मारणं हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. ते विष दिसलं, कारण माणसं कोसळली. जे थेंबाथेंबाने साठतं, ते कोणालाच दवाखान्यात नेत नाही. संत्र्यावर, भाजीवर मारतात त्या मॅन्कोझेबला युरोपने 2020 मध्ये परवानगी नाकारली, त्यात हार्मोनमधला बिघाड हेही एक कारण होतं. आपल्याकडे ते दुकानात मिळतं. भाई बराच वेळ गप्प राहिला.

बेरीज आपल्याला घरी मोजता येत नाही, पण त्यातल्या रकमा कमी करता येतात. आता औषध शेतातच कालवलं जातं आणि दोन औषधं मिसळण्याआधी भाई कृषी सहायकाला विचारतो. फवारणीचे कपडे तो स्वतः वेगळे धुतो, गरोदर बाईचा हात त्यांना लागत नाही. औषधाचा रिकामा डबा पाण्याला वापरायचा नाही. गरम चहा आणि इफ्तारचं सालन पन्नीत आणायचं नाही, स्टीलचा डबा न्यायचा. भाजी-फळं भरपूर पाण्याने धुवायची. बहिणीची थायरॉइडची तपासणी केली, मीठ आयोडीनचंच आहे ना, ते पाहिलं. आणि भगिनींनो, अडीच वर्षांचं मूल पन्नास शब्दही बोलत नसेल, तर वाट पाहू नका. आधी कान तपासून घ्या, डॉक्टरांना दाखवा.

भाच्याचे कान चांगले निघाले. डॉक्टरांनी सांगितलं, त्याच्याशी खूप बोला, मोबाइल दूर ठेवा. त्याच्या शब्दांची एक वही मी केली आहे. पन्नी बंद केली म्हणून तो बोलू लागला असं मी म्हणणार नाही. पण परवा भाई शेतातून आला, तेव्हा तो दारातच थांबला, अंघोळ होईपर्यंत कोणाला जवळ येऊ देईना. आतून भाच्याने हाक मारली, "मामू, आओ!"

मी वहीत दोन शब्द लिहिले.