पंचगंगेच्या काठाकाठानं

कोल्हापूरचा माणूस नदीपेक्षा रश्श्याविषयी अधिक बोलतो. पण त्याच्या ताटात मासळीही असते, आणि ती ज्या पाण्यातून येते ते पाहावं, म्हणून मी प्रयाग चिखलीहून पंचगंगेच्या काठानं निघालो.

चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात. पाचवी सरस्वती गुप्त! पुढचं पाहावं लागलं नाही, सुटली बिचारी.

कोल्हापुरात जयंती नाल्याशी पिशव्यांचा थर दिसतो. प्लॅस्टिक कुजत नाही, उन्हापाण्यानं नुसतं झिजतं. पॉलिएस्टरची साडीसुद्धा दर धुण्याला तंतू सोडते. ५ मिलिमीटरहून लहान अशा या कणांना 'मायक्रोप्लॅस्टिक' म्हणतात. हे नाव ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्प्सन यांच्या २००४ सालच्या लेखानं रूढ केलं. मासा हे कण अन्न समजून गिळतो.

मोठ्या माशाचं पोट साफ करताना आतड्याबरोबर बरेचसे कण निघून जातात. पण जवळ्याचं काय? तो कोकणातून घाट चढून येतो. लक्ष्मीपुरीच्या बाजारात एक मावशी म्हणाली, "दादा, बगताय काय नुसतं? कापायला नको, सोलायला नको. तव्यावर परतला की झालं!" खरंच आहे. ज्याला सुरमई परवडत नाही त्याचा हा आधार, आणि तोच नेमका आतड्यासकट खाल्ला जातो. २०२२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांना माणसाच्या रक्तातही प्लॅस्टिक सापडलं. त्यानं अपाय किती, याचा निकाल विज्ञानानं अजून दिलेला नाही. पण तोवर जवळ्याची चटणी थांबणार थोडीच!

इचलकरंजीच्या पुढं तेरवाडचा बंधारा. इथं मेलेल्या माशांचा खच पडला की गवगवा होतो. सांडपाण्यानं पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडतात. ते निदान दिसतं. प्लॅस्टिक खाल्लेली चिलापी मात्र जिवंत राहते, जाळ्यात येते, वाट्यावर विकली जाते.

नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेत शिरते. समुद्र पश्चिमेला घाटाखाली इतका जवळ, पण आमची नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. मासळी कोकणची खायची आणि पिशव्या आंध्रकडे धाडायच्या, असा हा व्यवहार! संगमावर कुणीतरी पानाच्या द्रोणात दिवा सोडला होता, त्याच्या शेजारून दुधाची रिकामी पिशवी चालली होती. द्रोण चार दिवसांत कुजेल. पिशवीचे तुकडे अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर इथल्या गाळात अडकतील ते अडकतील. उरलेले हंसलदीवीला बंगालच्या उपसागरात उतरतील. तिथंही कोळी आहेत.