ओरडा कशावरून बसतो?

कुणाच्या मुलाचा वाढदिवस जवळ आला की मैत्रिणी विचारतात, "काय देऊ गं?" मी उलट विचारते, "सध्या त्याला घरात ओरडा कशावरून बसतोय?" बहुतेकदा उत्तर तिथंच सापडतं. कुणी मळलेल्या कणकेत हात घालतं, कुणी शिवणाच्या डब्यातली टेप पळवून सोफ्यापासून मांजरापर्यंत सगळं मोजत सुटतं, तर कुणाला कुलूप दिसलं की किल्ली हवीच असते. आपल्याला काय हवंय हे मुलं दिवसभर सांगत असतात. आपण त्याला खोड्या म्हणतो आणि संध्याकाळी खेळण्यांच्या दुकानात जाऊन खोक्यावर छापलेलं वय वाचत बसतो.

त्या खोक्यांमधली बरीच खेळणी सगळं स्वतःच करतात. बटण दाबलं की गाडी धावते, वळते, दिवे लावते, गाणंही म्हणते. मुलाच्या वाट्याला फक्त बघणं उरतं, आणि बघून होतं चार दिवसांत.

जुन्या भातुकलीचं मला फार अप्रूप वाटतं ते म्हणूनच. तांब्यापितळेची ती इवलीशी भांडी नुसती मांडून ठेवण्यासाठी नव्हती. दगडी जात्याला खुंटा असे, ते फिरे, त्यात चिमूटभर डाळ घातली की खाली भरड पडे. पोळपाटावर लिंबाएवढी पोळी लाटली जाई. चुरमुरे, दाणे, गूळ असा खराखुरा शिधा मिळे आणि मोठ्यांना बसून तो जेवावा लागे. हे सगळं मुलींच्याच वाट्याला आलं, ही त्यातली मोठी खोट. लाटणं फिरवायची हौस मुलग्यांनाही तितकीच असते. तीन-चार वर्षांच्या कुठल्याही मुलाच्या हातात कणकेचा गोळा देऊन पाहावं.

मारिया मॉन्टेसोरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. तिथं चांगली खेळणीही ठेवली होती, पण मुलं ती सोडून हातांना खरं काम देणाऱ्या साधनांकडे वळत. हे त्यांनी मुलांना शिकवलं नव्हतं, मुलांकडे बघताना त्यांच्या ध्यानात आलं होतं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्याच विचाराला इथली माती लावली. मॉन्टेसोरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर कुठून येणार? म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या हीच साधनं झाली. मुलांची मोजणी, जुळणी, मांडणी त्यांवर उत्तम चालली. भेटीच्या किमतीचा प्रश्न माझ्यापुरता तिथंच निकालात निघाला.

पण देणाऱ्याच्या मनातून तो जात नाही, हेही मला दिसतं. समारंभात पुड्यांचा ढीग लागलेला असतो आणि आपल्या हातात असतं एक भिंग, खिशात मावेल एवढं. मोठा, चकचकीत कागद खरं तर मुलाच्या आईवडिलांसाठी असतो. भिंगातून मुंगीच्या मिशा पहिल्यांदा बघणाऱ्याला पुडा केवढा होता हे आठवतही नाही. अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या एवढ्यावर मुलांना भूमिती करायला लावली. काड्यांचा चौकोन बोटानं दाबला की कलतो आणि त्रिकोण हटत नाही. पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे ज्याच्या बोटांना असं कळलंय, त्याला नंतर पुस्तक सोपं जातं. पाठकोऱ्या कागदांची जाड वही, चांगला टॉर्च, छोटं पण धार असलेलं खुरपं आणि मेथीचे दाणे, अशा भेटी मी देत आले आहे.

अर्थात अशी भेट एकट्या मुलाला देऊन भागत नाही. खुरप्याबरोबर चिखल येतो, लाटण्याबरोबर ओट्यावर पीठ सांडतं. म्हणून मी आधी घरच्यांशी बोलते. सांडू द्याल का, जवळ बसाल का, कोपरा द्याल का? नाही म्हणाले तर गोष्टीचं पुस्तक देते, तीही काही कमी भेट नव्हे. पण जिथं हो म्हणतात, तिथं खरी भेट त्यांनी दिलेली असते. मी नुसती वस्तू नेते.

माझा भाचा आता सात वर्षांचा होईल. सध्या त्याला ओरडा बसतोय तो वस्तू उघडण्यावरून. रिमोट झाला, घड्याळ झालं. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी बंद पडलेले ट्रान्झिस्टर मिळतात, त्यातला सेलवर चालणारा एक मी बघून ठेवलाय. सोबत त्याच्या मुठीत बसेल असा स्क्रू-ड्रायव्हर आणि स्क्रू ठेवायला झाकणाच्या डब्या. बहीण म्हणाली, "ताई, विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे तू त्याला नीट सांगायचं." ते मी सांगणारच आहे. माझीही तिला एक अट आहे: उघडलेला रेडिओ परत जोडून दाखव, असं त्याला कुणी म्हणायचं नाही.