काट्याची बोली

सांगलीच्या मार्केट यार्डातील त्या हळदीच्या अडत दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा येऊन बरीच वर्षे लोटली होती. तरी नोंद जुन्याच रीतीने होई. मापाडी आकडा पुकारी, दिवाणजी तो वहीत उतरवीत आणि रात्री कोणीतरी संगणकात भरी. एका हंगामात ५६.३ किलोचे ५३.६ लिहिले गेले. शेतकरी परत आला. अण्णांनी फरक तत्काळ चुकता केला. पण ‘मापात पाप’ हे शब्द कोणी उच्चारले नसतानाही त्यांच्या कानी घुमत राहिले.

नातवाने उपाय शोधला. काट्याच्या पाठीमागे नऊ पिनांचे एक सॉकेट धूळ खात होते. अमेरिकेत १९६० साली ठरलेल्या आरएस-२३२ पद्धतीने काटा तेथून आपले वजन अक्षराअक्षराने सांगत असतो. ऐकणारा कोणी नव्हता. नातवाचा संगणक तळहाताएवढा, त्याला मायक्रो यूएसबीचे एकच तोंड. तारा थेट जोडणे धोक्याचे, कारण काट्याच्या तारेत उणे-अधिक ३ ते १५ व्होल्ट असतात आणि हातातील यंत्राच्या चिपला ३.३ व्होल्टांची सवय. म्हणून मध्ये अ‍ॅडॅप्टरचा दुभाषा हवा. शिवाय त्या यंत्राने यजमानपण पत्करावे यासाठी ओटीजी केबल लागते. चार्जिंगची केबल दिसायला अगदी तशीच. फक्त तिच्यात ओळख देणारी पिन ग्राउंडला जोडलेली नसते. एवढ्या साम्यापायी एक दुपार वाया गेली.

त्यानंतरही पडदा कोराच. दोन्हीकडची बोलणारी तार ३ क्रमांकाच्या पिनेवरच येत होती. २ आणि ३ यांची अदलाबदल करणारा जोड लावला, तेव्हा अर्थहीन चिन्हांची रांग उमटली. काटा २४०० च्या वेगाने बोलत होता, संगणक ९६०० च्या वेगाने ऐकत होता. “अण्णा, काटा उघडून आतली जुळणी पाहू का?” नातवाने विचारले. अण्णांनी वैधमापन खात्याच्या सीलकडे बोट दाखवले. “ते तोडायचा हक्क तुलाही नाही, मलाही नाही.” मग एकेक वेग बाहेरूनच लावून पाहिला.

अखेर आकडा आला. हमालाने पोते टेकवताच नोंद झाली, ४९.८. क्षणभराने त्याचा हात सुटला आणि काटा ५१.२ वर स्थिरावला.

“अरे, पोतं अजून हलतंय आणि तू लिहून मोकळा?”

चूक दुकानाच्या फायद्याची होती. अण्णांना तेच अधिक बोचले.

नातवाने काट्याकडून आलेल्या ओळी पुन्हा वाचल्या. प्रत्येक आकड्याआधी दोन रोमन अक्षरे होती. निरुपयोगी समजून त्याने ती गाळली होती. हलत्या वजनाआधी ‘यूएस’, स्थिर वजनाआधी ‘एसटी’. पोते स्थिर आहे की नाही, हे काटा पहिल्या दिवसापासून सांगत होता.

दिवाणजींची वही मात्र तो हंगाम संपेपर्यंत बंद झाली नाही. रोज सायंकाळी अण्णा ती उघडीत, नातू पडद्यावरचे आकडे वाची आणि दोघे मिळून पोत्यागणिक ताडून पाहत.