मायापुरीच्या बाजारात आमची फिरती खोली

मायापुरी मेट्रो स्टेशनातून बाहेर पडून बाजारात शिरलं, की आधी वास येतो. जळक्या ऑइलचा, गंजाचा आणि कढईतल्या ब्रेड पकोड्यांचा. मग दिसतात इंजिनं. दुकानात, फुटपाथवर, एकावर एक रचलेली. जुन्या गाड्या सुट्या करून विकणाऱ्या पश्चिम दिल्लीतल्या या बाजारात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मी बाबांबरोबर तीन शनिवार घालवले.

आम्हाला हवं होतं एक डिझेल इंजिन. गाडी २००८ ची टेम्पो ट्रॅव्हलर. मागच्या सीट काढून बाबांनी घडीचा पलंग, दोन शेगड्यांचा ओटा आणि पाण्याची टाकी बसवली होती, आरसीवर कॅम्पर व्हॅन अशी रीतसर नोंदही करून घेतली होती. स्पितीच्या थंडीत आईने याच ओट्यावर पिठलं केलं. माझी दहावीची उजळणी कौसानीला याच पलंगावर झाली.

पुण्याच्या आकुर्डीतल्या या कंपनीने, तेव्हाच्या बजाज टेम्पोने, १९८० च्या दशकात मर्सिडीजचं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन बनवायला घेतलं होतं. मर्सिडीजच्या २४० डी मोटारींत तेच असायचं. त्यामुळे बाबा पाहुण्यांना सांगायचे, “बाहेरून टेम्पो आहे, आतून मर्सिडीज!” पण ही मर्सिडीज आता ऑइल पिऊ लागली होती. चढावर काळा धूर यायचा आणि मागच्या गाड्या हॉर्नने आमचा उद्धार करायच्या. नवं, जास्त ताकदीचं कॉमन रेल इंजिन टाकायचं, असं बाबांच्या मनाने घेतलं होतं.

तिसऱ्या शनिवारी एका वयस्क सरदारजी मिस्त्रींनी आम्हाला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि हिशेब मांडला. जुन्या इंजिनात डिझेल पंप सगळं यंत्राने करतो. कॉमन रेलमध्ये ते काम कॉम्प्युटर करतो. म्हणजे नुसतं इंजिन आणून भागत नाही. त्याचा ईसीयू, सेन्सर, वायरिंग, इंधनाची लाइन, सगळा संसार सोबत आणावा लागतो. माउंटिंग बदलायचं, गिअरबॉक्स जुळतो का बघायचं, रेडिएटर मोठा टाकायचा. “और स्पिती में सेन्सर गया, तो स्कॅनर कहाँ से लाओगे, बाबूजी?”

बाबा गप्प. जुनं इंजिन काझाच्या मेकॅनिकने एक पाना आणि एका शिवीवर चालू केलं होतं, ते मला आठवलं.

मग त्यांनी आरसी मागितली. तारीख बघितली आणि हसले. “इंजन तो बदल दूँगा. गाडी का जनम कैसे बदलूँ?”

खरी अडचण तीच होती. राष्ट्रीय हरित लवादाने ७ एप्रिल २०१५ रोजी दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. २९ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. वय मोजायचं नोंदणीच्या तारखेपासून, इंजिनाच्या नाही. आमच्या गाडीला त्याच सप्टेंबरमध्ये १० वर्षं झाली होती आणि ती सोसायटीच्या तळघरात उभी होती. धुराचा नियम असून धूर न मोजता वय मोजायचं, हे मला आजही पटत नाही. पण त्याच नोव्हेंबरात घरात खोकणारी आजीही होती, त्यामुळे फार तावातावाने बोलताही येत नव्हतं.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल, तर एवढं ऐका. इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या, नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या आणि जुनं इंजिन घेताना पक्कं बिल मागा. ते चोरीच्या गाडीचं निघालं तर निस्तरायचं तुम्हालाच. दिल्लीत जुन्या डिझेल गाडीला इलेक्ट्रिक किट बसवण्याची वाट पुढे २०२१ मध्ये खुली झाली, पण किट त्या-त्या मॉडेलसाठी मंजूर असावं लागतं. आणि २०२५ च्या डिसेंबरात न्यायालयाने सवलत ठेवली ती बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना. आमची बीएस-३.

बाबांनी महाराष्ट्रासाठी एनओसी काढली. जानेवारीत गाडी एका ट्रकवर चढवली. अलवर जिल्हाही एनसीआरमध्येच येतो, म्हणून बेहरोड ओलांडून कोटपुतलीला एका ढाब्यामागे ती उतरवली. दोन्हीकडे मोहरी फुललेली. बाबांनी चावी फिरवली. दोनदा नुसती घरघर. तिसऱ्यांदा काळ्या धुराचा लोट निघाला आणि ढाब्यावरची पोरं टाळ्या पिटायला लागली.

पुण्यापर्यंत चार दिवस लागले, रोज ऑइल घालत. पिंपरीत जुनंच इंजिन बांधून घेतलं: लायनर, पिस्टन, रिंगा, पंपाचं काम. नवं टाकलंच नाही. २०२३ मध्ये १५ वर्षं झाली तेव्हा पर्यावरण कर भरून पुन्हा नोंदणी केली. पाटी आता एमएच १४.

मिस्त्रींना बाबांनी गाडीचा फोटो पाठवला होता. उत्तर आलं, “स्पिती कब?”

बाबांनी अजून कळवलेलं नाही. स्पितीचा रस्ता चंदीगडवरून धरायचा, पण एनसीआरला वळसा घालून कसं जायचं, याचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला आहे.